सायकलवरची मुऱ्हाळी

माझ्या सायकलच्या वाटेवर वाहनं नसायची, याचं श्रेय कुणीही घेऊ नये. तिथे कुणाला जायचंच नसायचं, म्हणून ती नव्हती. किन्हवलीजवळच्या आमच्या गावामागे रान सुरू व्हायचं आणि टोकावड्याच्या अलीकडे संपायचं. मधल्या डोंगरातून कधीकाळी लाकूड काढण्यासाठी कच्चा रस्ता पाडलेला होता. लाकूड गेलं, रस्ता राहिला. नव्वदच्या दशकात आणि पुढचीही काही वर्षं तो जवळजवळ माझ्या एकटीच्या वापरात होता. खड्डे मला पाठ होते. समोरून काही आलं तर ते बहुतेक वेळा शेळी असायचं.

मी शाळेत शिक्षिका होते. एसटी मला फाट्यावर उतरवून धूळ उडवत निघून जायची आणि शाळा फाट्यापासून बरीच आत. म्हणून सायकल घेतली. पहिली लेडीज सायकल होती, तिने एका पावसाळ्यात राम म्हटला. दुसरी मी एका दूधवाल्याकडून घेतली. काळी, आडव्या दांड्याची, किटल्या वाहून वाहून कमावलेल्या दणकट कॅरियरची. बाईमाणूस दांड्याच्या सायकलवर, हा विषय गावाला बरेच दिवस पुरला. त्यानंतर एका पुढाऱ्याने पक्ष बदलला आणि माझी सुटका झाली.

शाळेसाठी घेतलेली सायकल सुट्टीच्या दिवशी घरी का बसवायची, असं मला वाटू लागलं आणि मी रानात जाऊ लागले. सकाळी भाकरी आणि चटणी बांधून घ्यायची, डोंगराच्या पलीकडे उतरायचं, एखाद्या वाडीत पाणी प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. वाटेत कुणीतरी विचारायचंच, "कुठं चाललीस गो?" सुरुवातीला मी खरं सांगायचे, "कुठं नाय, अशीच." हे उत्तर लोकांना भयंकर वाटायचं. एकदा तर एक म्हातारा माझ्यामागे बराच चालत आला, मी विहिरीकडे वळते की काय ते बघायला. मग मी "पावण्यांकडं" असं सांगायला लागले आणि सगळ्यांना बरं वाटलं.

तालुक्याच्या वाचनालयातली प्रवासवर्णनं मी झाडून सगळी वाचली होती. त्यांतले लेखक उंचावर पोचले की त्यांना आपण किती क्षुद्र आहोत याची जाणीव व्हायची आणि ती जाणीव सांगायला त्यांना पुढची दहा-बारा पानं लागायची. मला खिंडीत पोचलं की आपण फारच थोर आहोत असं वाटायचं. इतका चढ आपल्या मांड्यांनी चढल्यावर दुसरं काय वाटणार? मी दगडावर बसून भाकरी खायचे, खाली दोन्ही तालुके पसरलेले असायचे, आणि त्यांतल्या एकालाही माझ्याविषयी काही तक्रार करता येत नसे.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं ते शिमग्यानंतरच्या दिवसांत. त्या लग्नात बाबांना एकच गोष्ट हवी होती. हळदीचा पहिला हात आमच्या घरात आत्याचा असतो, आणि तो तिनेच लावायला हवा होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत दिलेली. बरीच वर्षं ती आमच्याकडे आली नव्हती. कारण असं की माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात घाईगर्दी झाली आणि बाबांनी आत्याच्या अक्षता एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या. आमच्याकडे तेव्हा सगळेच असं करायचे. कंडक्टरबरोबर औषधं जायची, कोंबड्या जायच्या, एकदा तर एक नवा कुकर गेला होता. कंडक्टरने अक्षता नि पत्रिका वैशाखऱ्याच्या चहाच्या टपरीवर दिल्या, टपरीवाल्याने त्या बरणीमागे जपून ठेवल्या, आणि आत्याला मिळाल्या तेव्हा बहीण सासरी नांदायलाही लागली होती. बाबांनी पुढे कितीदा तरी उशीर झाल्याबद्दल निरोप पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही.

बाबांचे गुडघे गेलेले. प्रवास त्यांना झेपत नव्हता. म्हणून या वेळी ते काम काकांनी अंगावर घेतलं. काका एकेकाळी ग्रामपंचायतीत होते आणि मनाने अजून तिथेच होते. त्यांनी भाड्याची जीप आणली, पुढे गोंड्याची माळ लावली आणि घरातले सगळे पुरुष आत कोंबून आमंत्रणांचा दौरा काढला. पत्रिका त्यांनीच छापून घेतली होती. तीत प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि नम्र उपस्थिती अशा तीन रकान्यांत तालुक्यातली सगळी प्रतिष्ठित मंडळी होती. नवरा-नवरीची नावं शोधली की सापडायची.

दौऱ्यात आत्याचीही पाळी आली. जीप वैशाखऱ्याला थांबली. तिथून वाडीपर्यंत उभा चढ आहे. काकांनी टपरीवरून एकाला वर पाठवलं की खाली ये, पत्रिका घेऊन जा. तो माणूस निरोप घेऊन उतरला. "जीपला पाय नाय, तर मला पण नाय."

काका भजी खाऊन परत आले. "एवढं मानपान कुणाला आहे इथे?" असं ते मांडवाखाली चिडून म्हणाले. डोक्यावर गुलाबी फेटा होता. मग त्यांनी तोडगाही सांगून टाकला. एका माजी सभापतींच्या पत्नी हळदीला येणार होत्या. पहिला हात त्यांचा घ्यायचा, फोटोही चांगला येईल.

बाबा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. कातरून झाली तरी त्यांनी ती तोंडात टाकली नाही. हळद तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

भाऊ तर जाऊच शकत नव्हता. नवरदेवाने वेस ओलांडायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सायकलमध्ये हवा भरली. बाबांनी पंपाचा आवाज ऐकला, आत गेले आणि धुतलेल्या फडक्यात अक्षता बांधून घेऊन आले.

"रानातून जाशील?" त्यांनी विचारलं.

"रानातून."

"तिला म्हणावं..." ते थांबले. "काय म्हणायचं ते तूच बघ."

त्या सकाळचं रान मला अजून दिसतं. साग उघडे पडलेले, पळस पेटलेला, आणि कुसुंबाच्या झाडांना ती लालसर पालवी, जी लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटते. मोहाखालची जमीन झाडून ठेवलेली होती, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. सगळ्या डोंगरावर त्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास भरून राहिला होता. इंजिनाचा आवाज नव्हता कुठे. चेनची किरकिर, टायरखाली करकरणारा पाला आणि माझा श्वास, एवढंच.

पहिला चढ मी बसून काढला, दुसरा उभी राहून. खिंडीच्या अलीकडे एक शेवटचा उभा तुकडा आहे. तिथे मी एरवी उतरून सायकल ढकलायचे. त्या दिवशी मी उतरले नाही. का ते विचारू नये. मी नागमोडी काढत, दात खात, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सायकल वळवत वर गेले आणि खिंडीत पोचल्यावर बघायला एकही माणूस नाही याचं मला फार वाईट वाटलं. मोहफुलं वेचणारी एक बाई मात्र झाडाआडून निघाली. तिने सगळं पाहिलं होतं.

"चालत आली असतीस तर लवकर आली असतीस गो," ती म्हणाली.

पुढे उतार होता. टोकावड्याच्या वरच्या अंगाने मी पायवाटा धरल्या, मोठ्या रस्त्यावर नावापुरती उतरले आणि वैशाखऱ्याहून वाडीच्या चढाला लागले. तिथे मात्र सायकल ढकलण्यावाचून इलाज नव्हता. काकांवर मला तेवढ्यापुरती किंचित माया आली. किंचितच.

आत्या शेतात राब घालत होती. भाताचं बी टाकण्याआधी त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पाला आणि वरून माती असे थर पसरून ते जाळायचे, याला राब म्हणतात. बारीक, ताठ अंगाची बाई, लुगड्याचा काष्टा मारलेला, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले. तिने मान वर केली नाही.

"आत्या, मी आले."

"दिसलं. उन्हात उभी राहू नको, तो पाला हिकडं आण."

मी पाला आणला. मग फांद्या आणल्या. मग माती पसरली. बाबांच्या अक्षता ओढणीच्या टोकाला बांधलेल्या होत्या आणि मी दुसऱ्याच्या शेतात वेठीला लागले होते. हा सूड असेल तर तो फार कष्टाळू सूड होता. राब पुरा झाल्यावर आम्ही घरी गेलो. तिने हातपाय धुतले, मला पाणी दिलं, पाट मांडला आणि समोर बसली. शेजारची तिची जाऊ दारात येऊन टेकली, काय होतंय ते बघायला.

"बोल आता."

"उद्या हळद आहे. बाबांनी अक्षता दिल्यात. मागच्या वेळी उशीर झाला, ते त्यांच्या मनाला फार..."

"उशीर?" आत्या म्हणाली. "उशिराचं काय घेऊन बसलात? दहा वेळा तोच निरोप. उशीर झाला, उशीर झाला! अक्षता पावण्यांना देतात. मी काय पावणी हाय? मी त्या घरातली पोर. मला मूळ पायजे, मूळ."

सासरी दिलेल्या मुलीला माहेरच्या कार्याला माहेरचं माणूस येऊन घेऊन जातं. त्या बोलावण्याला मूळ म्हणतात आणि आणायला येणाऱ्याला मुऱ्हाळी. छापील पत्रिका आल्या, त्यांवर गणपती सोनेरी झाले आणि आमच्या घरातून मूळ कधी बाजूला पडलं कुणाला कळलंही नाही. इतकी वर्षं बाबा ज्याची माफी मागत होते, त्यावर आत्या रागावलेलीच नव्हती. अक्षता वेळेवर पोचल्या असत्या तरी ती आली नसती. आणि काल जीपमधून एवढे सगळे पुरुष आले, ते सगळे तिच्या चढाखाली थांबून तिला पाहुणी करून परत गेले.

"मग मी कशाला आलेय असं वाटतं तुला?" मी म्हटलं. "मीच मुऱ्हाळी. तुला न्यायला आले."

हे खरं तर मला त्याच क्षणी सुचलं होतं. पण म्हणून ते कमी खरं ठरत नव्हतं.

दारातली जाऊ फिसकन हसली. "मुऱ्हाळी बाप्या असतो गो. बाईमाणूस कधी मुऱ्हाळी येतं का?"

"बाप्ये काल टपरीवर भजी खाऊन गेले," आत्या म्हणाली. मग उठून अंगणात गेली आणि सायकलभोवती एक फेरी मारली. बैल विकत घेताना मारतात तशी. कॅरियर हाताने हलवून बघितला.

"ह्याच्यावर नेशील?"

"हो."

"पडले तर?"

"दोघी पडू."

ती हसली. माझ्या आठवणीत तिचं ते पहिलं हसणं. अगदी बाबांसारखं, एका बाजूने. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. "एकटी पडणार नाय मी."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. कॅरियरवर घडी केलेली गोधडी, तिच्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून आत्या, मांडीवर गाठोडं. गाठोड्यात नवं लुगडं आणि भावासाठी नाचणीचे लाडू. मोठ्या रस्त्याने जीप मिळाली असती, मी तसं सुचवूनही बघितलं.

"जीपवाल्याला माझं मूळ कोण सांगंल?" ती म्हणाली. आणि खरोखर, रानातल्या प्रत्येक वाडीत तिने ते सांगितलं. कुणी दिसलं की सायकल थांबवायची आज्ञा व्हायची आणि ती कॅरियरवरूनच ओरडायची, "मूळ आलंय मला! भाची आलीय न्यायला!" बाया दारात यायच्या, सायकलकडे बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या. एकीने विचारलं, "बस चुकली काय?" आत्या म्हणाली, "बसला मुऱ्हाळी म्हणत नायत, येडे."

चढ आला की ती उतरायची आणि माझ्यापुढे चालायची. मी ढकलत ढकलत मागे. खिंडीत पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. आम्ही दगडावर बसून तिची भाकरी खाल्ली. खाली आमच्या बाजूचा मुलूख दिसत होता. आत्या बराच वेळ बघत बसली. ही वाट तिने शेवटची पायी तुडवली होती ती माझ्या जन्माआधी, आईबापांच्या घरी जायला, तेव्हाच्या मुऱ्हाळ्यामागून. म्हणजे बाबांच्या मागून. ते तेव्हा मिसरूडही न फुटलेले, आणि वाटेत तेच दोनदा रडले होते, असं तिने मला सांगितलं.

त्यापुढचा उतार लांब आणि उभा होता. एकटीला तिथे ब्रेक पुरायचे. दोघींचं वजन घेतल्यावर पहिल्याच वळणावर ब्रेकच्या रबरांनी हात टेकले. अशा वेळी मी जे करायचे तेच केलं. करवंदीची चांगली झुपकेदार फांदी तोडली आणि दोरीने कॅरियरमागे बांधली. फांदी जमिनीवर घासत येते आणि सायकलला मागे खेचून धरते.

"हे काय, राब घालायला नेतेस काय?" आत्याने विचारलं.

आणि मग आम्ही सुटलो. वळणामागून वळण, साग दोन्ही बाजूंनी मागे धावतायत, पळसाची फुलं चाकाखाली चिरडतायत, मागे फांदी खरखरतेय. पहिल्या वळणाला आत्याने माझा कुर्ता घट्ट पकडला होता. तिसऱ्या वळणाला तिने हात सोडले. "सोड गो ब्रेक!" ती ओरडली. मी सांगितलं की ब्रेक केव्हाच गेलेत. त्यावर ती जी हसली, ते ऐकून एक भेकर झाडीतून उठलं आणि आमच्यापुढे रस्ता ओलांडून गेलं. मी आयुष्यात पुष्कळ उतार उतरले, सपाट डांबरी, सुंदर उतार. त्या उताराची सर एकालाही आली नाही.

रान संपलं तरी गावापर्यंत रस्ता खालीच जातो. मी फांदी सोडायला थांबणार होते, पण आत्या म्हणाली, "राहू दे, बरी दिसते." दुपारची कोरडी माती, मागे फांदी. आमच्यामागे धुळीचा एवढा लोट उठला की तो गावातून दिसला.

आणि तो काकांनी पाहिला. माजी सभापती यायची वेळ झाली होती आणि या आडरस्त्याने एवढी धूळ उडवत यायला दुसरं होतं कोण? काकांनी फेटा सावरला, हार हातात घेतला आणि माइकवाल्याला खूण केली. माइकवाला हुकमाची वाटच बघत होता.

"आपल्या लाडक्या मान्यवरांचं आगमन होत आहे! टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करूया!"

वाजंत्री सुरू झाली. टाळ्याही पडल्या. धुळीतून पुढे आलं ते दूधवाल्याच्या सायकलचं हँडल, मग मी, मग माझ्या खांद्यावरून डोकावणारी आत्या. वेशीवर मी पाय टेकायला गेले, तर तिने पाठीत बोट खुपसलं. "उतरायचं नाय. दारापत्तुर." मी थांबले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मधून, हार घेऊन उभ्या असलेल्या काकांच्या शेजारून आम्ही थेट मांडवाच्या दारात गेलो. टाळ्या थांबवायच्या की नाहीत हे कुणालाच कळेना, म्हणून त्या चालूच राहिल्या.

बाबा ओट्यावरून उठले होते. काठी न घेता.

"आलीस?" ते म्हणाले.

"मुऱ्हाळी आल्यावर येणार नाय तर काय," आत्या म्हणाली. "तोंड काय बघतोस? पाणी आण पायांवर."

तांब्या आणायला घरात बारा बायका होत्या. बाबा स्वतः आत गेले आणि भरलेला तांब्या सांडत सांडत घेऊन आले. त्यांनी पाणी ओतलं. गुडघ्यांनी साथ दिली नाही तेव्हा पायरीवर बसून ओतलं. आत्याने पाय पुढे केले आणि मान दुसरीकडे वळवली. पाणी संपल्यावरही बाबा तांब्या उपडा धरून बसले होते. आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आधी आत्यावरून, मग माझ्यावरून. "तिच्यावरून पण," आत्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, आणि आईने तेही केलं.

संध्याकाळी सभापती आले, सपत्नीक, खऱ्याखुऱ्या गाडीतून. काकांनी दुपारचा हार त्यांना घातला. तो जरा सुकला होता. भाऊ पाटावर बसला. हळदीची वाटी पुढे आली आणि माइकवाल्याने हळदीच्या पहिल्या मानकरी म्हणून सभापतींच्या पत्नींची ओळख करून द्यायला सुरुवात केली. महिला मंडळ, बचतगट, हळदीकुंकू समिती... ओळख मोठी होती आणि ती मनापासून वाचली जात होती. त्या बाई बिचाऱ्या पदर सावरत उभ्या राहत होत्या.

आत्या माझ्या शेजारून उठली. नवं लुगडं नेसलेलं, हात स्वच्छ. ती पाटाजवळ गेली, वाटीत दोन्ही हात बुडवले आणि भावाच्या गालांना हळद लावली. मग कपाळाला, मग हातांना, मग पायांना, अजिबात घाई न करता, काल राबावर माती पसरली होती तशी सगळीकडे सारखी. माइकवर अजून एका पतसंस्थेचं संचालकपद शिल्लक होतं. ते संपेपर्यंत भाऊ कानांपर्यंत पिवळा झाला होता, आणि आत्या उरलेली हळद मुठीत घेऊन बाबांना शोधत निघाली होती.